वजन आणि तेज: हिऱ्याच्या मापांचा इतिहास

हिरा घेतला जातो त्याच्या तेजासाठी, पण त्याचा भाव ठरतो वजनावर. या दोन गोष्टींचे एकमेकींशी पटत नाही. खाणीतून आलेला दगड चमकवायचा तर तो घासावा लागतो, आणि घासलेली भुकटी परत दगडाला चिकटत नाही. गोल हिरा नीट कापला, तर कच्च्या दगडाचे निम्म्याच्या आसपास वजन चाकावरच जाते. आजच्या प्रमाणपत्रावर दिसणारे टेबलचे टक्के, मुकुटाचा कोन, तळाचा कोन, एकूण खोली हे आकडे म्हणजे या भांडणातल्या तडजोडी आहेत, आणि त्या व्हायला काही शतके लागली.

हिऱ्याचे मोजमाप भारतात फार जुने, पण ते पैलूंचे नव्हते; निसर्गाने घडवलेल्या स्फटिकाचे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिऱ्यासाठी वेगळे वजन दिलेले आहे: वीस तांदळांचे एक वज्रधरण. चांगला हिरा मोठा, जड, आघात सोसणारा, सारख्या टोकांचा आणि भांड्यावर ओरखडा काढणारा असावा, अशी अपेक्षा तिथे आहे. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा असलेला दगड उत्तम मानला आहे. हे वर्णन भूमितीच्या दृष्टीने अगदी नेमके आहे. तळाला तळ लावून ठेवलेल्या दोन पिरॅमिडांचा जो अष्टफलक होतो, त्याला बरोबर सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा असतात, आणि हिऱ्याचा स्फटिक बहुधा याच आकाराचा मिळतो. टोक मोडलेला, धार बोथट झालेला किंवा बाजू कललेला दगड सदोष ठरे. म्हणजे प्रमाणबद्धतेची कल्पना होती, फक्त ती माणसाच्या हातची नव्हती. अगस्तिमत या ग्रंथात तर घासून बदललेल्या हिऱ्याचे गुण नाहीसे होतात, असेच सांगितले आहे.

वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या किमती तांदळांच्या वजनावर बसवल्या आहेत, आणि वजन कमी होते त्यापेक्षा किंमत वेगाने उतरते. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत पोचलेला फ्रेंच जवाहिर झाँ बाप्तिस्त ताव्हर्निए हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडतो: वजनाचा वर्ग करायचा आणि एका कॅरटच्या भावाने गुणायचे. या नियमाचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. दहा टक्के वजन गेले, तर किंमत एकोणीस टक्क्यांनी पडते. असा हिशेब डोक्यात असलेला व्यापारी कारागिराला दगड मोकळेपणाने कापू देईल, हे शक्यच नव्हते.

ताव्हर्निएने भारतीय कारागिरांबद्दल लिहिले आहे तेही याच्याशी जुळते. दगड स्वच्छ असेल तर ते त्यावर चाक नुसते फिरवून झिलई देत, आकार बदलण्याच्या फंदात पडत नसत. दगडात डाग किंवा चीर असेल, तर मात्र ती झाकण्यासाठी वर बारीक बारीक पैलू पाडत. युरोपीय ग्राहक पुष्कळ पैलूंचा भारतीय हिरा पाहून साशंक होत, ते या अनुभवावरूनच. औरंगजेबाच्या दरबारात १६६५ मध्ये ताव्हर्निएने जो मोठा हिरा हातात घेतला, तो ९०० हून अधिक रतींच्या कच्च्या दगडातून निघाला होता आणि कापल्यावर ३१९½ रतींचा, म्हणजे सुमारे २८० कॅरटचा उरला होता. कापणाऱ्या व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओला मजुरी मिळण्याऐवजी दहा हजार रुपयांचा दंड भरावा लागला. त्याचा अपराध तेज कमी पडल्याचा नव्हता, वजन घालवल्याचा होता.

तेज कमी पडण्याचे कारण मात्र खरोखर भूमितीत होते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४१७ आहे, काचेच्या तुलनेत फारच मोठा. त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश इतका लहान येतो. हिऱ्याच्या आत शिरलेला किरण आतून एखाद्या बाजूवर स्तंभिकेशी २४.४ अंशांपेक्षा मोठा कोन करून आदळला, की तो बाहेर न पडता आरशावर आपटल्यासारखा आत परततो. कोन लहान असला तर निसटतो. नैसर्गिक अष्टफलकाच्या बाजू आडव्या पातळीशी ५४.७ अंशांनी कललेल्या असतात. वरून सरळ आलेला किरण खालच्या पहिल्या बाजूवर ५४.७ अंशांनी पडतो आणि परावर्तित होतो. समोरच्या बाजूवर तो जेमतेम १६ अंशांनी पडतो आणि खालून निघून जातो. शास्त्रकारांनी निर्दोष मानलेला सहा टोकांचा दगड म्हणजे तेजाच्या हिशेबात तळ फुटका असलेले भांडे होते.

युरोपात हिरा घासण्याचे काम चौदाव्या-पंधराव्या शतकापासून वाढत गेले. तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी फिरत्या लोखंडी चाकावर लावायची आणि त्यावर दगड टेकवायचा, ही रीत मुळात आजही तीच आहे. सुरुवातीचा ‘पॉइंट कट’ म्हणजे अष्टफलकच, फक्त बाजूंना झिलई दिलेला. यातही एक अडचण होती: हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो आणि अष्टफलकाची नैसर्गिक बाजू घासायला सर्वांत हट्टी. म्हणून कारागीर ती काही अंशांनी कलवून घेत. पुढे वरचे टोक घासून सपाट केले गेले आणि ‘टेबल कट’ आला. टेबल हा शब्द तिथून आजच्या प्रमाणपत्रापर्यंत तसाच चालत आला आहे. चपट्या दगडांसाठी ‘रोझ कट’ होता: खाली सपाट, वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू. बोर्जिओने कापलेला मोगल हिराही याच जातीचा, अर्ध्या कापलेल्या अंड्यासारखा. रोझ कटला तळच नसल्याने प्रकाश परतवण्याची सोय नव्हती, पण पातळ दगड वाया जात नव्हता, आणि त्या काळी तेच महत्त्वाचे होते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडले. तोवर जगाला हिरे पुरवणारा देश जवळजवळ एकटा भारतच होता. माल वाढला तसा कापण्यातला कंजूषपणा थोडा सैल झाला आणि ‘ब्रिलियंट’ या जातीचा कट रुळला: वर मुकुट, मध्ये कंबर, खाली निमुळता तळ, आणि दोन्ही भागांवर ठरावीक संख्येचे पैलू. या कटाचे श्रेय कार्डिनल माझारँ किंवा व्हेनिसच्या पेरूझ्झी यांना देणाऱ्या गोष्टी पुष्कळ पुस्तकांत सापडतात. त्यांना आधार मात्र कच्चा आहे, आणि एकाच माणसाने असा कट एका दिवशी शोधला असेल हे पटतही नाही.

मापांचा पहिला स्पष्ट नियम मिळतो तो लंडनचा जवाहिर डेव्हिड जेफ्रीझ याच्या १७५० च्या सुमाराच्या पुस्तकात. दगडाला आधी नीट अष्टफलक बनवायचे, त्याच्या उंचीचे अठरा भाग मानायचे, वरून पाच भाग काढून टेबल करायचा आणि खालून एक भाग काढून टोक बोथट करायचे. उरलेल्या बारा भागांपैकी चार कंबरेच्या वर आणि आठ खाली, म्हणजे मुकुट एक तृतीयांश आणि तळ दोन तृतीयांश. दोन्ही कोन ४५ अंशांचे. आजच्या भाषेत मांडले, तर टेबल ५५.६ टक्के, मुकुटाची उंची २२.२ टक्के, तळाची खोली ४४.४ टक्के आणि एकूण खोली ६६.७ टक्के होते. हा नियम कारागिराला सांगायला आणि लक्षात ठेवायला सोपा होता. पण ४५ अंशांच्या तळावरून प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याने अडवलेल्या दिशेला. शिवाय सरळ परतणाऱ्या प्रकाशात रंग फुटत नाहीत. जेफ्रीझचा नियम भूमितीचा होता, प्रकाशाचा नव्हता. त्या काळचे उशीसारख्या आकाराचे, उंच मुकुटाचे, लहान टेबलाचे हिरे आज ‘ओल्ड माइन’ म्हणून ओळखले जातात आणि मेणबत्तीच्या उजेडात ते अजूनही सुरेख दिसतात, हेही मान्य केले पाहिजे.

भारतीय दगडांना या नव्या कसोटीला सामोरे जावे लागले ते एकोणिसाव्या शतकात. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात ठेवलेला कोहिनूर पाहून लोक निराश झाले. एवढे नाव ऐकलेला दगड काचेच्या तुकड्यासारखा मंद वाटला. पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅमहून कारागीर बोलावून, वाफेवर चालणारे चाक बसवून तो पुन्हा कापण्यात आला. काम अडतीस दिवस चालले. १८६ जुन्या कॅरटच्या दगडाचे आजचे १०५.६ मेट्रिक कॅरट उरले. एवढे करूनही तो चपटाच राहिला आणि जाणकारांचे समाधान झाले नाही.

नाशिकच्या हिऱ्याची कथा महाराष्ट्राला जवळची आहे आणि मापांच्या दृष्टीने कोहिनूरपेक्षा अधिक बोलकी आहे. हा हिरा पूर्वी त्र्यंबकेश्वराचा होता असे परंपरेने मानले जाते. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाल्यावर तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला विकला गेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा, तिकोनी, भारतीय पद्धतीने कापलेला होता. रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याचा तिकोनी घाट कायम ठेवून तो पुन्हा कापून घेतला. वजन ८० कॅरटच्या आसपास आले. एवढ्या कमी घटीत दगड सुधारला म्हणून त्या कामाची वाहवा झाली. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये घेतला आणि ‘एमराल्ड कट’ या आयताकृती घाटात पुन्हा कापला. आज तो ४३.३८ कॅरटचा आहे. एकाच दगडाला तीन काळांनी दिलेली ही तीन उत्तरे आहेत. मधल्या पिढीने वजन सांभाळून तेज मिळवू पाहिले. शेवटच्याने तेजासाठी अर्धा दगड देऊन टाकला.

असे धाडस करण्याची मुभा दक्षिण आफ्रिकेने दिली. १८६६-६७ पासून तिथे हिरे मिळू लागले आणि काही वर्षांत कच्च्या मालाचा पूर आला. त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टनला हेन्री मोर्स या कारागिराने कोन बदलून बदलून प्रयोग केले. वजनापेक्षा दिसणे महत्त्वाचे, ही त्याची भूमिका त्याच्या व्यवसायबंधूंना वेडेपणाची वाटे. त्याने कोन मोजायला मापक वापरले आणि त्याच्या कारखान्यातल्या चार्ल्स फील्डने दगड गोल करणारे यंत्र बनवून १८७० च्या दशकात त्याचे पेटंट घेतले. तोवर दोन हिरे हातांनी एकमेकांवर घासून कंबर गोल करावी लागे. उशीचा आकार टिकून राहिला त्यामागे हे कष्टही होते.

दुसरे यंत्र आले ते करवतीचे, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्याकडे मापांच्या इतिहासात जावे तेवढे लक्ष जात नाही. आधी अष्टफलकाचे वरचे टोक घासून टेबल करावा लागे. जे घासले ते गेले, म्हणून टेबल लहान आणि मुकुट उंच ठेवण्याकडे कल असे. करवतीने दगडाचे दोन तुकडे करता येऊ लागले आणि कापलेल्या वरच्या भागाचाही एक हिरा होऊ लागला. आता टेबल मोठा आणि मुकुट ठेंगणा ठेवण्यात नुकसान नव्हते. प्रकाशाचे गणित मांडले जाण्याआधीच नफ्याच्या गणिताने हिरा आधुनिक प्रमाणांच्या जवळ आणून ठेवला होता.

प्रकाशाचे गणित मांडले ते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी. अँटवर्पच्या हिरे कापणाऱ्या घराण्यातला हा मुलगा लंडनला अभियांत्रिकी शिकत होता. १९१९ मध्ये, ऐन विशीत, त्यांनी ‘डायमंड डिझाइन’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी हिऱ्याचा उभा छेद घेतला आणि टेबलमधून आलेला किरण पहिल्या बाजूवर, मग समोरच्या बाजूवर कसा पडतो आणि शेवटी मुकुटातून कोणत्या दिशेने बाहेर येतो, याचा पाठलाग केला. प्रकाश वरून परत आला पाहिजे, पण येताना त्याचे रंगही फुटले पाहिजेत. पहिल्याला चकाकी म्हणतात, दुसऱ्याला झळाळी किंवा ‘फायर’. टेबल मोठा केला तर चकाकी वाढते, मुकुटाचे तिरके पैलू वाढवले तर रंग वाढतात. या दोन्हींचा मेळ त्यांनी असा घातला: तळाचा कोन ४०.७५ अंश, मुकुटाचा ३४.५ अंश, टेबल ५३ टक्के, मुकुटाची उंची १६.२ टक्के, तळाची खोली ४३.१ टक्के. सगळे टक्के कंबरेच्या व्यासाचे. मग बाजारातले चांगले कापलेले हिरे मोजून पाहिले, तर आकडे जवळजवळ जुळले. अनुभवी कारागिरांचे डोळे, निदान मोर्सनंतरचे, तिथेच पोचले होते.

या आकड्यांतला सर्वांत नाजूक आहे तो तळाचा कोन. ४०.७५ अंशांवर पहिली टक्कर ४०.७५ अंशांची आणि दुसरी ५७.७५ अंशांची होते. दोन्ही क्रांतिक कोनाच्या पुष्कळ पलीकडे. तळ दोन-तीन अंशांनी खोल गेला की हिऱ्याच्या मध्यभागी काळोख साचतो, त्याला व्यापारात ‘नेलहेड’ म्हणतात. तो तेवढाच उथळ झाला की टेबलमधून कंबरेचे पांढुरके कडे दिसू लागते, तो ‘फिश-आय’. मुकुटाचा कोन त्या मानाने क्षमाशील आहे, आणि तळ किंचित उथळ असेल तर थोडा चढा मुकुट ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. म्हणून एकच आकडा पाहून हिरा चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही.

एकूण खोलीचा आकडा गिऱ्हाइकाने आवर्जून पाहावा असा आहे, कारण वजन लपवायची जागा तीच. गोल हिऱ्याचे वजन अंदाजे काढायचे तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.००६१ करतात, मापे मिलिमीटरमध्ये. ६.५ मिलिमीटर व्यासाचा, साठ टक्के खोलीचा हिरा एक कॅरटचा भरतो. ६.३ मिलिमीटरचा, पासष्ट टक्के खोलीचा हिराही जवळपास एक कॅरटचाच भरतो. दोघांचे वजन सारखे, पण दुसऱ्याचा दिसणारा चेहरा सहा टक्क्यांनी लहान, आणि तेजही बहुधा उणे. जाड ठेवलेली कंबर हेच काम आणखी गुपचूप करते. ०.९९ आणि १.०० कॅरटच्या भावात मोठी उडी असते तोवर असे दगड बनतच राहणार. टोल्कोव्स्कींच्या गणितात कंबरेला जाडीच नव्हती. ती त्यांनी धारेसारखी पातळ धरली होती. प्रत्यक्षात तशी कंबर कोंदणात बसवताना उडते, त्यामुळे काही टक्के जाडी द्यावीच लागते. प्रश्न असतो तो किती द्यायची याचा.

वजनाचे माप खुद्द स्थिर व्हायलाही विसावे शतक उजाडले. कॅरट शहरागणिक वेगळा होता. लंडनचा सुमारे २०५ मिलिग्रॅम भरे. आपल्याकडे रती, गुंज आणि दक्षिणेत मंजाडी होती. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाला आणि पुढच्या दशकात सगळीकडे रूढ झाला. कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट किंवा पॉइंट.

टोल्कोव्स्कींचे आकडे अमेरिकेने ‘आयडियल’ म्हणून उचलले, युरोपने थोडे बदलले. जर्मनीत एप्लर यांनी १९४० च्या सुमारास टेबल ५६ टक्के आणि मुकुट ३३.२ अंशांचा सुचवला. १९७० च्या सुमाराच्या स्कँडिनेव्हियन प्रमाणात टेबल ५७.५ टक्क्यांवर गेला. तळाचा कोन मात्र सगळ्यांकडे ४०.७५-४०.८ च्या पलीकडे हलला नाही. १९९० च्या दशकात इस्रायली यंत्रे आली. हिरा फिरवून त्याच्या सावलीवरून ती काही सेकंदांत सर्व कोन मोजू लागली आणि मापे ही तज्ज्ञाच्या नजरेची मक्तेदारी उरली नाही. अमेरिकन जेम सोसायटीच्या प्रयोगशाळेने १९९६ पासून कटला शून्य ते दहा अशी श्रेणी दिली, शून्य सर्वोत्तम. जीआयए या संस्थेने घाई केली नाही. संगणकावर किरणांचे नमुने बनवून आणि नंतर सुमारे २,३०० हिऱ्यांवर माणसांकडून ७०,००० हून अधिक निरीक्षणे नोंदवून तिने २००६ पासून गोल ब्रिलियंटसाठी पाच पायऱ्यांची श्रेणी सुरू केली. निष्कर्ष टोल्कोव्स्कींच्या भक्तांना फारसा आवडला नाही: सुंदर हिऱ्याचा एकच नेमका साचा नसून अनेक कोनांच्या जोड्या सारख्याच चांगल्या ठरतात.

आज जगात कापल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ भारतात, मुख्यतः सुरतेत कापले जातात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईत होतो. तो पूर्वी ऑपेरा हाउसच्या परिसरात चाले, २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. सुरतेच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणाऱ्यांच्या तोंडी मुकुट आणि तळ नसतात, ‘मथाळा’ आणि ‘तळिया’ असतात, आणि बहुधा एक कारागीर एकाच भागाचे काम करतो. इथे घडणाऱ्या मालातला मोठा हिस्सा इतका बारीक असतो, की त्यावर प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही. असे दाणे भोकांच्या चाळणीतून चाळून आकाराप्रमाणे वेगळे करतात आणि ‘अधिक अकरा’, ‘उणे दोन’ अशा चाळणीच्या नंबरांनी विकतात. त्यांचे कोन आजही नजरेनेच पारखले जातात.

प्रमाणपत्र मिळालेल्या हिऱ्यावरचे आकडेही पुरते सूक्ष्म नसतात. जीआयए मुकुटाचा कोन अर्ध्या अंशाच्या आणि तळाचा कोन ०.२ अंशाच्या टप्प्यात पूर्णांकित करून छापते. त्यामुळे टोल्कोव्स्कींचा ४०.७५ हा आकडा तिच्या कागदावर येतच नाही, तिथे ४०.८ छापलेले असते.